नाठाळ चालीतल्या तीन जागा

स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता, उलट मिरवायचीच ती. मुलाखतीतला खोकला, भाषणातलं 'म्हणजे... म्हणजे', गायिकेने मध्येच गिळलेला आवंढा, सगळं असं बेमालूम काढून टाकायची की बोलणाऱ्यालाच वाटावं, अरे वा, काय अस्खलित बोललो मी! तीस वर्षं हेच केलं बाईने. आणि कापलेलं ठेवायचं नाही हा दुसरा नियम. "कचरा साठवून काय त्याचं लोणचं घालायचंय?" असं म्हणून मूळ ध्वनिमुद्रण त्याच दिवशी पुसून टाकायची.

तिचे वडील न्हावी. बापाची कात्री केसांवर चालायची, लेकीची आवाजावर, एवढाच काय तो फरक. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं दुकान आणि आरशाशेजारी खिळ्याला व्हायोलिन. बायको गेली तेव्हा पोर दोन वर्षांची होती. तिला त्यांनी त्याच दुकानात, पावडरच्या डब्यांमध्ये वाढवलं. गिऱ्हाईक नसलं की ते व्हायोलिन खाली काढायचे आणि जुन्या लोकचाली वाजवायचे, कुठेही लिहून न ठेवलेल्या.

त्यातली एक भारी अवघड. तिला नाठाळच म्हणायचे. पाच मात्रा चालायची, मग सात, मग एकदम नऊ, आणि पाय टाकावा तर खाली पायरीच नाही अशी गत व्हायची. शिकलेसवरलेले वादक दाढीचं निमित्त करून यायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी जाऊन सपशेल तोंडघशी पडायचे. "मात्रा बरोब्बर आहेत हो, पण बसत नाही," असं म्हणत परत यायचे. वडील हसायचे आणि विचारायचे, "कल्ले ठेवू की काढू?"

खरी गोम फक्त आपल्याला माहीत आहे असं कात्रीला वाटायचं. वडील स्वतःच त्या चालीत तीन ठिकाणी अडकायचे. व्हायोलिनचा गज हवेत धरून थांबायचे आणि मग पुढे जायचे. लहानपणी ती टाळ्या पिटून ओरडायची, "बाबा, विसरलात!" ते म्हणायचे, "हो गं, विसरलो."

ते पंचाहत्तरीचे झाले तेव्हा तिने हट्टाने त्यांना स्टुडिओत नेलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले. नाठाळ एकदाच वाजवली आणि म्हणाले, "झालं. पुन्हा नको." तिने त्याच दिवशी त्या तीन जागा कापल्या. अकरा सेकंद, चार सेकंद, नऊ सेकंद. टोकं सांधली आणि मूळ पुसून टाकलं. फार बरं वाटलं तिला. म्हाताऱ्याची लाज राखली म्हणे! आता काय बोलावं या बाईला?

चार दिवसांनी वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाजवायचा हात गेला. वाचा राहिली, पण शब्द ओढून आणावा लागायचा. हृदयाचाही भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. निदान आपली चाल त्यांनी एकदा पोटभर ऐकावी म्हणून रुग्णालयात भेटायच्या वेळेत तिने ती फोनवर लावली.

वडिलांनी डोळे मिटले. पहिली जागा आली तसा त्यांचा डावा हात पांघरुणावरून उचलला गेला. चाल मात्र पुढे निघून गेली. दुसऱ्या जागेला तेच. तिसऱ्या जागेला हात उचललाच नाही.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणी वाजवलीय?"

"अहो बाबा, तुम्हीच!"

"मग ती कुठे गेली?"

"कोण?"

"तुझी आई."

मग अडखळत अडखळत सांगितलं त्यांनी. ही चाल एकट्याची नव्हतीच. एकाने वाजवायची आणि दुसऱ्याने जमिनीवर टाच मारायची, तीन वेळा. टाच पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. "फार छळायची गं. भांडण झालेलं असलं की ताटकळत ठेवायची. मी आपला गज धरून उभा, बावळटासारखा. लोक हसायचे."

"आणि ती गेल्यावर?"

"गेल्यावर काय? थांबायचो. यायची ऐकू. कधी लवकर, कधी उशिरा."

"मला का नाही सांगितलंत?"

"विसरलात म्हणून तू हसायचीस. आईवेगळं पोर हसतंय. म्हटलं, हसू दे."

कात्री तशीच उठली. तिने स्टुडिओ गाठला, यंत्रं पालथी घातली, तंत्रज्ञाच्या हातापाया पडली. पुसलेलं ते पुसलेलंच होतं. मग तिने तेवढ्याच सेकंदांच्या कोऱ्या जागा घातल्या आणि ऐकल्या. त्यांत वडिलांचा श्वास नव्हता, खुर्चीची करकर नव्हती, कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. ती तिथेच टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती खाटेशी बसली. "बाबा, मी आईला कापून टाकलं हो."

"वेडी," वडील म्हणाले. "कापली जाईल अशी नव्हती ती. लाव."

"तुम्ही बोट वर करा, मी थांबवते. टाच ऐकू आली की खाली करा, मी पुढे लावते."

त्यांनी डावा हात खाटेच्या कठड्यालगत ठेवला. चाल सुरू झाली. पहिल्या जागेला बोट वर झालं, तिने बटण दाबलं, आणि बोट लगेच खाली आलं. दुसऱ्या जागेला बराच वेळ गेला. वडिलांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली.

"भांडण?" तिने विचारलं.

"मिठावरून."

तिसऱ्या जागेला बोट वर झालं. तिने थांबवलं. बाहेरून चहाची गाडी खडखडत गेली. शेजारच्या खाटेवरचे पाहुणे उठून गेले. बोट वरच होतं, कठड्याला टेकलेलं. आज बरंच मोठं भांडण दिसतंय, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसूही आलं.

परिचारिका आली. "ताई, पाच वाजले. भेटायची वेळ संपली."

"एक मिनिट. आई यायचीय."

परिचारिकेने त्या बोटाकडे पाहिलं, मग वडिलांच्या चेहऱ्याकडे. हातातला ट्रे खाली ठेवला आणि मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग तो हात ती हळूच पांघरुणावर ठेवायला लागली.

"नका ना," कात्री म्हणाली. "ते त्यांनी खाली करायचं असतं."

तिचा अंगठा अजून बटणावरच होता.