आठ दिवस म्हणजे एकशे ब्याण्णव तास

कोलंबियाच्या डोंगरातल्या आमच्या सान्ता रुफिनात वेळेचं कुणी फारसं मनावर घेत नाही. "आलोच" म्हणून गेलेला माणूस कॉफीची तोडणी आटोपून परतला तरी त्याला कुणी बोल लावत नाही. अशा गावात एवेलियो किसेनो जन्माला यावा, हे गावाचं दुर्दैव की त्याचं, कुणास ठाऊक. कॉफीच्या कारखान्यात भोंगा वाजवायची नोकरी लागल्यापासून त्याच्या डोक्यात घड्याळच शिरलं होतं. त्याची प्रेयसी ओदिलिया एकदा लाडात येऊन म्हणाली, "तीन वर्षं झाली रे आपल्याला." हा म्हणाला, "एक हजार शहाण्णव दिवस. मध्ये एक लीप वर्ष होतं." तरी ती हसली. प्रेमात माणूस काय काय पोटात घालतो!

शेवटी तिच्या आईनेच, दोन्या तुलियाने (दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई), विषय काढला. रविवारी मिस्सा आटोपल्यावर तिने त्याला चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं.

"माझ्या पोरीला नुसतं फिरवणार किती दिवस? आजपासून आठ दिवसांनी आईला घेऊन ये आणि रीतसर मागणी घाल. नाही आलास, तर पुन्हा आमच्या गल्लीत दिसू नकोस."

एवेलियोने आधी घड्याळ पाहिलं, मग मान डोलावली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आता आमच्याकडे आठ दिवस म्हणजे पुढचा रविवार आणि पंधरा दिवस म्हणजे त्याच्या पुढचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एवेलियोलाही चांगलं कळत होतं. अडाण्याला समजावता येतं हो, शहाण्याचं काय करायचं?

रविवारी त्याची आई, दोन्या बेरेनिसे, ठेवणीतला झगा घालून दारात उभी राहिली.

"चल रे, उशीर होतोय."

"आज सातच दिवस होतात, आई. आठ उद्या. आठ गुणिले चोवीस, एकशे ब्याण्णव तास. म्हणजे अकरा हजार पाचशे वीस मिनिटं."

"अरे गाढवा, अख्खा गाव रविवारच धरतो!"

"अख्खा गाव चुकतो."

"मग त्या घड्याळाशीच लग्न लाव. चावी दिली की निदान बोलेल तरी तुझ्याशी."

तो जागचा हलला नाही. ओदिलिया हातची गेली तर आपण संपलो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दोनदा त्याने बूट चढवले, दोनदा काढले. पण उद्या मिनिटाच्या ठोक्याला दारात उभं राहून दोन्या तुलियाचं तोंड कसं बंद करायचं, ते चित्र काही डोळ्यांपुढून जाईना. आईने झगा बदलला आणि सांगून टाकलं, "सोमवारी मी तिथे थोबाड दाखवणार नाही. तुझा तू जा."

सोमवारी तो एकटाच गेला. बारा वाजून दहा मिनिटांनी दार वाजवलं. दोन्या तुलियाने उघडलं.

"काल तुमच्यासाठी रांधलेलं कोंबडीचं सान्कोचो शेजाऱ्यांनी ओरपलं. आता हाडंसुद्धा उरली नाहीत."

"दोन्या तुलिया, आठ दिवस आत्ता या मिनिटाला पुरे झाले. हवं तर गुणाकार करून दाखवतो."

"मला नको दाखवूस, मी भोगतेय ते पुरे आहे. ओदिलिया, ये गं, तुझं घड्याळ आलंय!"

ओदिलिया बाहेर आली. डोळे सुजलेले होते.

"काल आजारी होतास का?" तिने विचारलं. त्याने हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. ते त्याला दिसतही होतं.

"नाही. घरीच होतो."

"काय करत होतास?"

"वाट बघत. चोवीस तास उरले होते ना."

"मी या उंबऱ्यावर बसले होते. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. येणारा-जाणारा बघून हसत होता."

एवेलियोला भडभडून आलं. माफी माग, पाय धर, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. त्याने तोंड उघडलं.

"म्हणजे अकरा तास," तो म्हणाला. "सहाशे साठ मिनिटं."

ओदिलियाने त्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं.

"इथून पुढचे तास तुझे तू मोज, एवेलियो," ती म्हणाली. "माझे त्यात धरू नकोस."

आणि तिने दार लावून घेतलं.