किल्ली फिरली की

त्या घरात खुर्च्यांना मोजे होते. लोकरीचे, आईने विणलेले, प्रत्येक पायाला एक. भांड्यांच्या फळीवर जुन्या चादरीची घडी अंथरलेली असे, कपाटाच्या दारांना आतून रबराच्या टिकल्या होत्या आणि ताटात चमचा लाकडाचा. नव्या पाहुण्याला वाटे, घरात कुणी आजारी झोपलंय की काय. मग वहिनी त्याला जिन्यातच समजावी, "आमच्या नणंदबाईंचे कान फार नाजूक. आत मौनव्रत."

नणंदबाई म्हणजे ती. वडील तिला कानसेन म्हणत. "तानसेन व्हायला गळा लागतो, कानसेन व्हायला नुसतं जन्माला आलं की पुरतं," असं म्हणून ते हसत, आणि हसणं मोठं झालं की स्वतःच तोंडावर हात ठेवत.

तिला आवाज नुसता ऐकू येत नसे, तो लागत असे. ताटावर ताट आपटलं की कानातून दाढेपर्यंत कळ जाई. दादाची मुलगी तान्ही असताना एकदा कौतुकाने तिच्या मांडीवर दिली होती. बाळ किंचाळलं, आणि तिने ते कुणाच्याही हातात न देता सतरंजीवर ठेवलं आणि न्हाणीघर गाठून कडी लावली. बाळाला काही झालं नाही. पण वहिनीने पाहायचं ते पाहिलं. "माझ्या लेकराला टाकून पळाली, भूत पाहिल्यासारखी," असं ती दादाला हळू आवाजात म्हणाली. भिंतीपलीकडचं ते बोलणंही तिला अर्थातच स्वच्छ ऐकू आलं.

ताप आला तर थर्मामीटर दाखवता येतो. हिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्यामुळे दुखण्याचं नाव नखरा पडलं होतं, आणि कधीकधी तिला स्वतःलाही ते पटत असे. बाहेर जाताना ती कानात मेणाचे बोळे घाली आणि वर केस मोकळे सोडी, म्हणजे कुणाला दिसू नयेत. नोकरीसुद्धा शोधून शोधून तशीच घेतलेली. जुन्या नकाशांची डागडुजी, तीही तळघरात, जिथे खळीचा ब्रश कागदावरून फिरतो तेवढाच काय तो आवाज.

आई शेवटी शेवटी उशीत तोंड खुपसून खोकायची. तसं कर म्हणून तिला कुणीही सांगितलं नव्हतं. नको करू म्हणूनही कुणी सांगितलं नाही.

दादा-वहिनी आधीच वेगळे राहायला गेले होते. आई गेल्यावर घरात वडील आणि ती, दोघंच राहिली. वडिलांचा जन्म बेकरीत भट्टीपुढे गेला होता. पीठ आणि धूर छातीत बसत बसत आता श्वासाला जागाच उरली नव्हती. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र घरी लावायला सांगितलं. बुटक्या कपाटाएवढं, खाली चाकं, आणि त्यातून निघालेली नळी नाकाशी. ते सतत घुमायचं आणि मध्येच फुस्स करायचं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा ती भिंतीला टेकली. वडिलांनी तिचा चेहरा पाहिला.

दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "डॉक्टरांना विचारलं मी. दुपारी दोन-तीन तास लावलं की भागतं. तू तेव्हा कामावरच असतेस."

"नक्की?"

"अगं, पाव काय अख्खा दिवस भट्टीत ठेवतात? कोळसा होईल!"

तिने डॉक्टरांना फोन केला नाही. नंबर होता, वेळही होता. पण जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं.

पुढे ऑफिसच्या इमारतीत दुरुस्ती निघाली. तळघराच्या डोक्यावरच ड्रिल सुरू झालं, आणि भानावर आली तेव्हा ती नकाशांच्या टेबलाखाली गुडघ्यांत डोकं घालून बसलेली होती. साहेब वाकून पाहत होते.

"काही पडलंय का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"पिन," ती म्हणाली.

साहेब भले गृहस्थ. तेही थोडा वेळ पिन शोधत राहिले. ती पिन तिला इतकी टोचली की त्याच आठवड्यात तिने कानांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

बाईंनी तिला काचेच्या बंद खोलीत बसवून हेडफोनमधून बारीक-मोठे आवाज ऐकवले. नकोसा झाला की हात वर करायचा. तिचा हात इतक्या लवकर वर जाऊ लागला की तिलाच संकोच वाटायला लागला. पण बाई हसल्या नाहीत. आजवर तिच्या कानांना न हसलेलं ते पहिलंच माणूस असावं.

"घरात काय करता?" बाईंनी विचारलं.

"घरात त्रास नाही होत. घरचे सांभाळून घेतात." आणि मग तिने खुर्च्यांचे मोजे, लाकडी चमचे, सगळं सांगितलं. सांगताना वाटलं, कौतुक होईल.

बाई म्हणाल्या, "अंधारातून एकदम बाहेर आलं की साधं ऊनही डोळ्यांत जातं ना? तसं झालंय. तुमच्या कानांना सगळ्यांनी मिळून अंधारात ठेवलंय. प्रेमाने, पण अंधारातच."

त्यांनी कानामागे बसवायची दोन छोटी यंत्रं दिली. त्यांतून अगदी मंद, लांबून नळ वाहत असल्यासारखा आवाज येत राहतो. कानाला हळूहळू सवय व्हावी म्हणून. मेणाचे बोळे मात्र कमी करत न्यायचे. सुरुवात जिन्यापासून.

"बरं कधी वाटेल?"

"वर्ष लागेल, कदाचित जास्तही. घाई करायची नाही, पळायचंही नाही."

त्या संध्याकाळी फाटकातच तिने बोळे काढून पर्समध्ये टाकले. जिना तिला नवाच वाटला. चपलांचा आवाज, कठड्याची कुरकुर, कुणाच्या तरी घरातल्या बातम्या. शेवटच्या वळणावर एक घुमणं ऐकू येऊ लागलं. वाटलं, शेजाऱ्यांची मोटर असेल. दाराशी आली तर ते दारामागून येत होतं. घुमत होतं, मध्येच फुस्स करत होतं. तिने किल्ली घातली, फिरवली. आवाज थांबला.

आत वडील खुर्चीत पेपर घेऊन बसलेले. गालांवर नळीचे वळ होते. ओठ निळसर.

"आलीस? काय म्हणाल्या कानवाल्या बाई?"

"बाबा, यंत्र चालू होतं."

"छे! दुपारीच बंद केलं."

"मला जिन्यात ऐकू आलं. बोळे काढलेत मी आज."

वडिलांनी पेपरची घडी घातली. चूक पकडली गेलेल्या पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "मग आधी सांगायचंस ना," ते म्हणाले. "तू खालच्या पायरीवर असतानाच बंद केलं असतं."

तिने तिथेच उभ्या उभ्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, दिवसाचे बहुतेक तास लावायचं, झोपेत तर लावायचंच. दोन-तीन तास कुणी सांगितलं? ती म्हणाली, "माझाच काहीतरी गैरसमज झाला." तेवढं खोटं बोलल्यावर तिला वडिलांकडे बघवेना. वडील मात्र समजूतदारपणे मान हलवत होते, जणू गैरसमज खरंच झाला होता.

मग तिने यंत्र सुरू केलं आणि समोर खुर्ची ओढून बसली. कानामागे बाईंची यंत्रं, चेहऱ्यावर प्रयत्नपूर्वक काहीच नाही. प्रत्येक फुस्सला मान ताठ होई. ती दात आवळून हसली, तर वडिलांचा हात बटणाकडे गेला.

"बाबा, राहू दे."

"राहू दे तर राहू दे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि आवाज बंद झाला. परत येऊन तिने सुरू केलं. ती कपडे वाळत घालायला गेली, पुन्हा बंद. असं रोज चाललं. तिने समजावलं, विनवलं, बटणावर चिकटपट्टी लावली. वडिलांनी चिकटपट्टी काढून तिची नीट गोळी करून खिशात ठेवली.

"मुद्दाम नाही करत गं. तुझी चाहूल लागली की हात आपोआप जातो."

"चालू ठेवा म्हटलं ना!" ती ओरडली. त्या घरात कित्येक वर्षांत कुणी इतक्या मोठ्याने बोललं नव्हतं. दोघंही दचकली. वडिलांनी घाबरून यंत्र बंद केलं.

तेव्हा तिला कळलं. तिचे कान वर्षभराने बरे होतील की न होतील, या हाताला ते कधीच कळणार नाही. ती घरात आहे तोवर हे माणूस श्वास घेणार नाही.

फोन दादाला करता आला असता. तिने वहिनीला केला.

"वहिनी, बाबांना तुमच्याकडे न्याल का?"

"का गं? काय झालं?"

"माझ्यामुळे ते यंत्र बंद ठेवतात. कधीपासून ठेवतात. मला कळायला हवं होतं. म्हणजे… कळून घ्यायचं नव्हतं मला."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, पोरगी कशासाठी तरी भांडत होती. तिने फोन कानापासून दूर केला, पुन्हा जवळ आणला. वहिनी बोलेल, ऐकवेल, हा तिचा हक्कच होता.

"खिडकीजवळ पलंग टाकते," वहिनी म्हणाली. "तिथे प्लग आहे. पण हिच्या दंग्याने त्यांना झोप लागेल का, ते बघ बाई."

रविवारी दादा गाडी घेऊन आला. यंत्र खाली गेलं, औषधांची पिशवी गेली. वडील पायरीवर दम घेत थांबले.

"आता घर शांत होईल तुझं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना.

तिला खोटं बोलता आलं असतं. "बाबा, मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "तुम्ही जाताय म्हणून. थोडं बरं वाटतंय." बोलता बोलता मान इतकी खाली गेली की फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"मलाही," वडील म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"तिथे मोठ्याने ढेकर देता येईल गं. किती वर्षं झाली!" ते हसायला लागले, आणि हसता हसता खोकला आला. त्यांचा हात तोंडाकडे गेला. दादाने त्यांना गाडीत बसवलं, काच वर केली, आणि काचेआड त्यांनी हात खाली घेतला. मग ते खोकले, पोटातून, घसा खरवडून, मनसोक्त. बंद काचेतूनही तो खोकला तिच्या कानात घुसला. ती फाटकाची सळई घट्ट धरून उभी राहिली. खूप लागत होतं. गाडी वळेपर्यंत ती तिथून हलली नाही.