डोंगरावरचं पुटपुटणं

शाळेच्या खोलीला चादरी लावून अंधार केला होता आणि त्या अंधारात दिग्दर्शिकाबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या. भिंतीवर त्यांचा माहितीपट चालू होता आणि समोर अख्खी वस्ती बसली होती.

माहितीपट होता आत्यावर. ही या डोंगरातल्या आदिवासींची पहिली सिनेमा करणारी बाई, आणि नात्याची असो नसो, सगळ्यांची आत्या. बाहेरचे लोक यायचे, हिच्या माणसांचे सिनेमे काढायचे आणि डोंगर दिसला रे दिसला की मागे ढोल बडवायचे. त्याचा संताप येऊन तिनं तरुणपणी स्वतःच कॅमेरा उचलला, तो अजून खाली ठेवलेला नव्हता. तिचा नियम एकच. सिनेमा आधी वस्तीला दाखवायचा. त्यात जो दिसतो किंवा बोलतो, त्यानं नकाराची मान हलवली की त्याचा तेवढा भाग कापायचा. का, कशाला, विचारायचं नाही. आणि हा सिनेमा आत्यावरच असल्यामुळे तिनं ठरवलं तर सगळाच बाद. बाईंनी हे पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं. कबूल करायला काय जातंय! आता मात्र जीव टांगणीला लागला होता.

पण गाडी रुळावर होती. आत्या मुलींना कॅमेरा शिकवते तो भाग आला, गेला. लोक हसले, एकमेकांना कोपरानं ढोसलं, पण मान कुणाची हलली नाही. प्रत्येक प्रसंग सरला की बाईंच्या छातीवरचा एकेक दगड उतरत होता.

मग आला डोंगर.

हा बाईंचा लाडका तुकडा. शूटिंगच्या शेवटी आत्याच्या पदराला लावलेला माईक काढायला कानवाली विसरली होती. कानवाली म्हणजे आवाज टिपणारी मुलगी. कानावरचे हेडफोन ती जेवतानाही काढायची नाही, म्हणून हे नाव. त्या माईकमध्ये आत्याचं पुटपुटणं सापडलं. वस्तीची बोली बाईंना ओ की ठो कळत नव्हती, पण ते ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला. "अगं, डोंगराशी बोलतेय ती!" म्हणाल्या. ढोल तर लावायचे नव्हतेच. मग पहाटेच्या डोंगरामागे हेच लावलं. कानवाली म्हणाली होती, "ताई, अर्थ तरी विचारू या." तर बाई म्हणतात कशा, "अशा गोष्टींचा अर्थ विचारायचा नसतो." घ्या! हौसेला मोल नाही.

भिंतीवर धुकं सरकलं, पुटपुटणं सुरू झालं, आणि खोलीत हशाचा असा स्फोट झाला की कुणाची तरी खुर्ची उलटली. माणसं पोट धरून लोळायला लागली.

"काय झालं? काय म्हणतेय ती?" बाईंनी शेजारी बसलेल्या आत्याच्या भाचीला विचारलं.

भाचीला हसू आवरेना. "आत्या म्हणतेय, या बयेनं मला एकाच टेकडीवर तीनदा चढवलं. एकदा मी हसले नाही म्हणून, एकदा ढग आला म्हणून, आणि तिसऱ्यांदा का, ते तिलाच ठाऊक. गुडघ्यांची पार वाट लागली. आणि चहा करते म्हणून गेली, तर गरम पाणी घेऊन आली."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. ढोल नकोत म्हणून मिरवलं, आणि केलं काय? तिचं घरातलं बोलणं, तेही न विचारता, पार्श्वसंगीत म्हणून वाजवलं. त्या उठून उभ्या राहिल्या. "आत्या, चुकलं माझं. कापते हे."

आत्यानं लोकांकडे पाहिलं, आणि मागून एक मान जोरजोरात हलली. आत्याची धाकटी बहीण! आत्या ज्वालामुखी, तर ही सवाई ज्वालामुखी. संपलं सगळं, बाईंना वाटलं.

"माझं बोलणं कुठाय?" धाकटी कडाडली. "ही एकटी बोलत होती का? मी समोर बसून हिचं रडगाणं ऐकलं, उत्तरं दिली. ती कुठं गेली?"

कानवालीनं जीभ चावली. "आहेत, मावशी. मागं कुणीतरी बोलतंय, खडखड वाटतेय, म्हणून आम्ही काढून टाकली."

"माझं बोलणं खडखड?"

खोली पुन्हा हसली. "लाव आत्ताच्या आत्ता," धाकटीनं हुकूम सोडला. कानवालीनं लॅपटॉप उघडून मूळ आवाज लावला. आत्याची तक्रार, चहाचा उद्धार, मग माईकपासून जरा लांबून धाकटीचा खणखणीत आवाज. भाची एकेक वाक्य सांगत गेली.

"धाकटी मावशी म्हणतेय, एवढा त्रास होतोय तर नाही म्हण तिला. घाल हाकलून."

आणि मग आत्याचा आवाज. बाईंनी हा कधी ऐकलाच नव्हता. त्यांची कात्री त्याच्या आधीच चालली होती. भाची आता हळू बोलली.

"आत्या म्हणतेय, नको गं. चुकली की लाल होते ती पोरगी. ज्याला लाज वाटते, त्याला शिकवता येतं. मी गेल्यावर इथं कुणी कॅमेरा घेऊन आलंच, तर असं यावं."

सगळ्यांनी वळून बाईंकडे पाहिलं. बाई लालच झालेल्या होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सिनेमा जाऊ दे बाहेर," आत्या म्हणाली. "तक्रार ठेव. खाली अर्थ लिही, चहासकट. आणि हिचं बोलणंही घाल, नाहीतर मला जगू द्यायची नाही."

"आणि तुमचं उत्तर, आत्या?"

आत्यानं ठाम मान हलवली. नाही.

"अहो, पण तेच तर..." बाई बोलून गेल्या आणि थांबल्या. का म्हणून विचारायचं नव्हतं. एवढं सोन्यासारखं वाक्य! पण आश्चर्य म्हणजे त्यांना हळहळ वाटली नाही. उलट किती तरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेल्यासारखं झालं.

"कापते," त्या म्हणाल्या.

"बरं," आत्या म्हणाली. "आता चहा करते. मी करते. तू बस."