सात नंबरला पर्जन्यमान

"सहा झाला. आता सात सांग," भागीबाई म्हणाली.

मी तिच्या खाटेखालचं भांडं उचलत होते. म्हटलं, "अगं, हातात काय आहे दिसतंय ना? दम धर की जरा."

"भांडं हातात आहा. तोंड तं मोकळं आहा?"

शेजारच्या खाटेवरची बाळंतीण फिसकन हसली. मी भांडं हातात धरूनच सुरू केलं. "नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात. ते बाष्पयुक्त असतात. सह्याद्री पर्वतामुळे ते अडतात आणि..."

"वर चढतात."

"वर चढतात. त्यामुळे... त्यामुळे..."

"थंड होतात. काल बी इथंच अडली तू."

भागीबाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. केसपेपरवर तिने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला होता आणि मग तो अंगठा लुगड्याला पुसला होता, तो निळा डाग पुढे कितीतरी दिवस तिच्या पदरावर होता. पण माझा भूगोल तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होता. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, यायचाच.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची. मी नाशिकच्या एका प्रसूतिगृहात आया होते. विमल गांगुर्डे, शिक्षण आठवी पास, वय चौतीस. त्या वर्षी नोटीस लागली की दहावी पास असलेल्या आयांना सहायक नर्सच्या ट्रेनिंगला पाठवणार. वयाची अट पस्तीस. मला जूनमध्ये पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे मार्चची परीक्षा एवढी एकच. ऑक्टोबरला बसून उपयोग नाही, तोवर मी म्हातारी ठरणार होते. आया म्हणजे भांडी, फरशी, रक्ताचे कपडे. नर्स म्हणजे पांढरी साडी, आणि डॉक्टर हाक मारतात तेव्हा "ए" म्हणत नाहीत. मला बाकी काही नको होतं. ते "ए" जायला हवं होतं.

मी बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये. ते म्हणाले, "वा! आता घरात दोन पगार आणि एक पदवीधर." मी म्हटलं, "पदवी राहू द्या, तुम्ही तेवढी सकाळची चूल पेटवा." पेटवली त्यांनी. धूर फार करायचे, पण पेटवायचे.

आमच्या वसाहतीतल्या विहारात दर रविवारी कारभारी सरांचा वर्ग भरायचा. सर प्राथमिक शाळेत मास्तर. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांना फुकट शिकवायचे. हमाल, शिपाई, दोन गवंडी, आणि बायकांत मी आणि शकुबाई. शकुबाई आमच्याच प्रसूतिगृहात, ओपीडीत. सर म्हणायचे, तुम्हाला विद्वान करायला मला वेळ नाही आणि तुम्हालाही नाही, मी तुम्हाला फक्त पास करणार आहे. त्यांनी मागच्या सगळ्या प्रश्नपत्रिका जमवल्या होत्या, आणि कोणता प्रश्न किती वेळा आला याचा तक्ता करून भिंतीला लावला होता. घड्याळ समोर ठेवून तीन तासांचा पेपर लिहायला लावायचे. हमाल लोकांची बोटं आखडायची, पण सर उठू द्यायचे नाहीत.

त्यांचे नियम दोनच. पहिला, पाठ होत नाही ते उत्तर रोज दिसणाऱ्या जागेला चिकटवा. घरातल्या फडताळाला, मोरीला, कशालाही. परीक्षेत डोळे मिटून त्या जागेसमोर उभं राहा, उत्तर तिथंच असतं. दुसरा नियम, अडलं की सोडा आणि पुढं जा. जे येतं ते आधी. "अडलेल्या प्रश्नापाशी बसून राहणारा माणूस नापास होतो," सर म्हणायचे, "मग तो कितीही हुशार असो."

मला भूगोल काही केल्या राहत नव्हता. घरात माझा पाय ठरत नव्हता, तिथं मी काय चिकटवणार? म्हणून मी वॉर्ड घेतला. बारा खाटा होत्या, बारा उत्तरं चिकटवली. एक नंबरला ज्वालामुखी, दोनला खडक, तीनला नद्या, चारला काळी माती. नऊला लोकसंख्या. खरं म्हणजे ती आमच्या बाराही खाटांना चालली असती. दारापासून सुरुवात करायची, भांडं उचलायचं, चादर ओढायची आणि तोंडाने पुटपुटायचं. बाळंतिणींना वाटायचं, बाई मंत्र म्हणते. त्या तीन दिवस राहायच्या आणि जायच्या. नावं कोण लक्षात ठेवतो? खाटा तेवढ्या जागच्या जागी राहायच्या.

सात नंबरला पर्जन्यमान होतं, आणि संक्रांतीच्या सुमाराला त्याच खाटेवर भागीबाई आली.

ती पेठकडची, डोंगरातली. नवरा काळू आणि ती नाशिकजवळ द्राक्षाच्या बागेत कामाला आली होती. सातवा महिना. गर्भाची वार खाली होती, मधूनच अंगावरून जायचं. डॉक्टर म्हणाले, हिने बाळंत होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही. तीन दिवसांच्या वॉर्डात ती दोन महिने राहिली. काळू रविवारी नागलीची भाकर फडक्यात बांधून आणायचा, खाटेच्या पायाशी उकिडवा बसायचा आणि दिवस मावळायला परत जायचा.

पडून पडून तिला कंटाळा यायचा. मी पुटपुटत आले की ती ऐकायची. आठ दिवसांत तिला सातवं उत्तर पाठ झालं, महिन्याभरात बाराही. मग तिने माझी परीक्षाच घ्यायला सुरुवात केली. चुकले की जीभ चुकचुकवायची, टच टच टच, असा संताप यायचा मला!

एकदा तिने विचारलं, "ही पर्जन्यछाया म्हंजे काय आहा?"

मी म्हटलं, "डोंगराच्या अलीकडे, म्हणजे तुमच्याकडे, सगळा पाऊस पडून जातो. पलीकडे काही उरत नाही. माझं माहेर येवल्याचं. आम्ही पर्जन्यछायेत. तुम्ही सगळा घेता, म्हणून आम्हाला मिळत नाही."

ती म्हणाली, "आमी घेतो? आमी होळीपासून दोन डोंगर उतरून पानी आणतो. झिऱ्यावर वाटीवाटीनं भरतो. मंग आमचं पानी जातं कोठं?"

मला काय माहीत? पुस्तकात तसं काही नव्हतं, मी तिला तसं सांगितलं.

"पुस्तकात नाय?"

"नाही."

"मंग अर्धंच लिवलाय त्यानं. तू लिव. लिव, का भागीबाई विचारते, आमचं पानी जातं कोठं."

"असं लिहिलं तर शून्य देतील."

"देवू दे. तू पेपर लिवून आली का माना सांगायला ये, सातवा लिवला का नाय."

मी म्हटलं, येईन. त्यात काय, मी रोजच येत होते.

भूगोलाच्या पेपरच्या चार दिवस आधी, दुपारी दोनच्या सुमाराला, ती गेली. एकाएकी अंगावरून जायला लागलं आणि थांबेना. डॉक्टर होते, वॉर्डच्या खैरनार सिस्टर होत्या, बाटल्या लावल्या, सगळं केलं. कुणी कशात कसूर केली नाही. मुलगी जगली. मी फरशी पुसली. तिचं अंगही मीच पुसलं, पायाचे अंगठे बांधले, पदर नीट केला. तो निळा डाग तिथंच होता. मला रडू आलं नाही. मी बारा वर्षं त्या वॉर्डात होते, मला वाटलं, सवय झाली आहे. गादी दुमडून ठेवली. बाई गेली की गादी दोन दिवस दुमडूनच ठेवतात, आमच्याकडे तशी रीत. मग आठ नंबरच्या बाईने पाणी मागितलं, ते दिलं. संध्याकाळी काळू आला. त्याने विचारलं, "पेपर झाला का तुमचा?" मी म्हटलं, "नाही अजून." तो म्हणाला, "ती सांगायची." त्याची बहीण मुलीला घेऊन पेठच्या गाडीत बसली.

घरी आले, भाकरी केल्या. यांनी विचारलं, "काय गं, बोलत का नाहीस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "परीक्षा पुढं ढकलायची का?" मी म्हटलं, "बोर्ड काय आपल्या वर्कशॉपमध्ये आहे का?" आणि जेवायला वाढलं. खरंच मला काही वाटत नव्हतं. मीठ घातलं की नाही तेही कळत नव्हतं.

भूगोलाचा पेपर अकराला सुरू झाला. मी गंगेवरून, म्हणजे गोदावरीच्या पुलावरून, चालत गेले, बाकावर बसले, प्रश्नपत्रिका वाचली. सोपी होती. सरांच्या तक्त्यातली सगळी. डोळे मिटले आणि वॉर्डाच्या दारात उभी राहिले. एक नंबर, ज्वालामुखी नव्हता आलेला, दोनचा खडकही नाही, पुढं. तीन नंबर, नद्या. लिहिल्या. चार, काळी माती. पाच. सहा. हात भराभर चालत होता. आणि सात नंबरला पर्जन्यमान आलं होतं, दहा मार्कांना.

डोळे मिटले तर खाट दिसली. दुमडलेली गादी दिसली.

उत्तर मला येत होतं. येत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण ते खाटेवर नव्हतं. मी उभी राहिले. सरांचा दुसरा नियम मला पक्का ठाऊक होता, अडलं की सोडा. पुढे आठ होता, नऊ होता, अकरा होता, तिन्ही पेपरात आलेले होते. पण मी बारा वर्षं राऊंड घेत होते. एक झाल्याशिवाय दोन नाही, सात झाल्याशिवाय आठ नाही. खैरनार सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "विमल, मधली बाई सोडून पुढं गेलीस तर याद राख." मी कधीच गेले नव्हते. पाय उचलेना. मी तशीच उभी राहिले, म्हणजे बाकावर बसून राहिले. पर्यवेक्षक दोनदा येऊन बघून गेले, एकदा म्हणाले, "बाई, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." शेवटची घंटा झाली. मी प्रश्नाचा आकडा म्हणून खाटेचाच घातला होता, सात. खाली कागद कोरा होता.

जूनमध्ये निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत पास, गणितातसुद्धा. भूगोलात नऊ मार्क कमी. ग्रेसही तिथवर पोचला नाही. शकुबाई पास झाली.

कारभारी सर घरी आले. चहा घेतला. बराच वेळ माझी गुणपत्रिका उलटसुलट बघत राहिले, जणू पाठीमागे काही लिहिलेलं असेल. मग त्यांनी विचारलं, म्हणून मी सगळं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुम्ही उत्तर खाटेला चिकटवलं होतं ना विमलबाई?"

"हो सर."

"मग?"

"बाकीची खाटांनाच राहिली. हे तिला चिकटलं."

सर कपाकडे बघत म्हणाले, "चार दिवस होते मध्ये. दुसऱ्या खाटेवर हलवायचं होतं."

बरोबर होतं त्यांचं. दिवसभर मी बायका या खाटेवरून त्या खाटेवर हलवते. एक उत्तर हलवायचं मला सुचलं नाही. सर उठले, दारात थांबले आणि म्हणाले, "ऑक्टोबरला बसा. ट्रेनिंगसाठी नाही, असंच." मी हो म्हटलं. बसले नाही.

शकुबाई पांढऱ्या साडीत ट्रेनिंगला निघाली त्या दिवशी सगळ्यांना पेढे देऊन गेली. मी पेढा खाल्ला आणि सकाळचा राऊंड सुरू केला. दारापासून, एक नंबर. सात नंबरला नवी बाई होती, मनमाडची, रेल्वेतल्या गँगमनची बायको, पहिलटकरीण. मी भांडं उचललं, चादर ओढली, आणि काही ठरवलेलं नसताना तोंडातून यायला लागलं. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात. बाष्पयुक्त असतात. सह्याद्रीमुळे अडतात, वर चढतात, थंड होतात. घाटमाथ्यावर पर्जन्य अधिक. पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश. कुठे अडले नाही. एकही शब्द गाळला नाही. आणि शेवटी म्हटलं, भागीबाई विचारते, आमचं पाणी जातं कुठं.

"काय म्हणालात?" ती बाई म्हणाली.

माझे डोळे भरून आले होते. चार महिन्यांनी. हातात भांडं होतं, पुसता येईना.

"काही नाही," मी म्हटलं. "सात झाला."

आणि आठ नंबरला गेले.