अण्णा वकिलांना कार्यकारिणीतून काढलं तेव्हा

दमयंतीबाई बर्वे बोलायला सौम्य, पण एकदा पाय रोवला की हलायच्या नाहीत. भगिनी मंडळाच्या त्या कार्यवाह. मंडळात त्यांच्याहून वजनदार माणूस एकच होता, हरिश्चंद्रपंत गोगटे वकील. त्यांना सगळं रत्नागिरी अण्णा म्हणे. बायकांनी चार अक्षरं नि शिवणटिपण शिकायला घराबाहेर पडावं असं म्हटलं की गावातले शहाणे नाकं मुरडायचे, त्या काळात अण्णांनी मंडळ उभं केलं. घटना त्यांनी लिहिली, खालच्या आळीतलं घर त्यांनी मिळवून दिलं. कार्यकारिणीत ते एकटेच पुरुष, आणि सभासद बायका दर वर्षी त्यांना आनंदाने निवडून देत.

सदतीस सालची निवडणूक आली आणि बिनसलं.

पौषातल्या एका दुपारी मंडळाची सभासद फातिमाबी बंदराकडच्या राजिवड्याहून चार नव्या बायकांना शिवणाच्या वर्गाला घेऊन आली. चौघींचे नवरे गलबतांवर. सासवांची समजूत घालता घालता फातिमाबीचा अख्खा पावसाळा गेला होता. मंडळाच्या घरात पुरुषांचा वावर नसतो, असा शब्द तिने दिला होता. दार उघडलं तर आत सतरंजीवर दहाबारा तरुण बसून कापडावर उमेदवाराचं नाव रंगवत होते. शिवणयंत्रं मागच्या पडवीत नेऊन ठेवली होती. वकीलसाहेबांनी किल्ली दिली, निवडणूक होईस्तोवर प्रचाराची कचेरी इथेच, असं एकाने सांगितलं. चौघींनी पदर पुढे ओढले आणि उंबऱ्यावरूनच माघारी फिरल्या.

‘माझा शब्द गेला, बाय,’ फातिमाबी दमयंतीबाईंना एवढंच म्हणाली.

दमयंतीबाई त्याच पावली अण्णांकडे गेल्या. अण्णांनी पाट दिला, चहा मागवला. देशाचं काम आहे, महिन्याभराचा प्रश्न आहे, शिवण काही पळून जात नाही, असं हसत हसत सांगितलं. कार्यकारिणीला विचारायला हवं होतं, असं बाई म्हणाल्या, तेव्हा ते म्हणाले की विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणायला महिना लावला असता. बाईंनी घर मोकळं करून मागितलं. अण्णांनी ते मानलं नाही. पुढे कार्यकारिणीनेही तसा ठराव केला, तोही त्यांनी खिशात घातला. वर त्याच आठवड्यात गावभर पत्रकं वाटली गेली. ‘भगिनी मंडळाच्या समस्त भगिनींचा पाठिंबा’ असं त्यांवर ठळक छापलेलं होतं.

मंडळाच्या अध्यक्षा गंगुबाई पटवर्धन सत्तरीच्या, तिखट जिभेच्या. त्यांनी कार्यकारिणी बोलावली आणि सांगितलं की आत्ताच्या आत्ता कार्यकारिणीतून अण्णांचं नाव खोडा नि मोकळ्या व्हा. बाकीच्या माना डोलवू लागल्या.

‘आपल्याला तो अधिकार नाही,’ दमयंतीबाई म्हणाल्या. ‘त्यांना आपण कुठे नेमलंय? सभासदांनी निवडून दिलंय. काढायचं तर त्यांनीच काढायचं.’

‘आणि त्यांनी नाही काढलं तर काय गो?’

‘तर अण्णा राहतील, आणि आपण त्यांच्याबरोबर काम करू.’

गंगुबाई पुटपुटल्या, पण पटलं त्यांना. घटनेप्रमाणे खास सभेची मागणी झाली, सगळ्यांना वेळेत कळवलं गेलं. अण्णांवर काय आक्षेप आहेत ते त्यांना आधी कळवलं, आणि सभेत बोलायचा हक्क तुमचा आहे हेही कळवलं. दमयंतीबाई आळीआळीतून स्वतः फिरल्या. मत कुणाला द्या हे कुठेच बोलल्या नाहीत. या, एवढंच सांगितलं. नवऱ्याने विचारलं, अण्णांसारख्या माणसाशी वाकडं घेताना भीती नाही का वाटत? त्यांनी विचार केला. भीती त्यांना कुठे सापडेना. वाईट मात्र वाटत होतं, कारण त्यांच्या हातात पहिलं पुस्तक अण्णांनीच दिलं होतं.

मंडळाच्या घरात कचेरी, म्हणून सभा गंगुबाईंच्या खळ्यात, मांडवाखाली भरली. बायका एवढ्या आल्या की माडाच्या झापांवर, पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे बसल्या. अण्णांच्या पत्नी कमळाबाई सभासद होत्या, त्याही आल्या. त्या पुढेच बसल्या.

सगुणा नावाची एक सभासद उठली नि अण्णांच्या घरातलं काहीबाही बोलू लागली. दमयंतीबाईंनी तिला थांबवलं. घर परस्पर दिलं आणि मंडळाचं नाव परस्पर छापलं, या दोनच गोष्टींसाठी आपण जमलो आहोत, तिसरी निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कमळाबाईंनी नजर वर केली आणि पुन्हा खाली घातली.

अण्णा बोलायला उभे राहिले. कोर्टात गाजलेला आवाज तो. स्वराज्य दाराशी आलं असताना तुम्ही सुईदोऱ्याचा हिशेब मांडता, असं ते म्हणाले. बोलता बोलता ते दमयंतीबाईंकडे वळले.

‘तुमचा विरोध माझ्या उमेदवाराला आहे, हे तरी मोकळेपणी सांगा.’

‘नाही, अण्णा. माझं मत तुमच्याच उमेदवाराला जाणार आहे,’ दमयंतीबाई म्हणाल्या. ‘पण ते माझं मत आहे. मंडळाचं नाही, आणि फातिमाबीचं तर नाहीच. तिचं मत तिला विचारल्याशिवाय तुम्ही छापलंत.’

अण्णा खाली बसले.

कितीतरी जणींच्या घरचे कोर्टकज्जे अण्णांकडे होते, म्हणून मतं गुप्त घ्यायचं ठरलं. अण्णांना काढायचं असेल तिने सुपारी टाकायची, ठेवायचं असेल तिने चिंचोका. माजघरात एक कळशी ठेवली. एकेक बाई मूठ मिटून आत जाऊ लागली. कमळाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी उंबऱ्यात थांबून तळहात उघडला. चिंचोका होता.

‘माझा मालक आहे. मी लपवून कशाला टाकू?’ त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कळशी खळ्यात सर्वांसमोर उपडी केली. तीनातल्या दोघींनी म्हटलं तरच निवडलेला माणूस कार्यकारिणीतून निघे, असं घटनेत होतं. सुपाऱ्या त्याहून बऱ्याच जास्त निघाल्या. गंगुबाईंनी निकाल सांगितला. अण्णांनी टोपी घातली. मंडळाने जे मिळवलं त्यात अण्णांचा वाटा मोठा आहे, हे दमयंतीबाईंनी उभं राहून सांगितलं आणि इतिवृत्तात तसं लिहायला लावलं. अण्णांनी ते पाठमोरे राहून ऐकलं आणि ते चालते झाले.

दुसऱ्या दिवशी घर मोकळं झालं. फातिमाबीबरोबर दमयंतीबाई स्वतः राजिवड्याला गेल्या, सासवांपुढे बसल्या, झालेलं सगळं सांगितलं. दोघी लगेच आल्या, तिसरी शिमग्यानंतर आली. चौथीची सासू काही बधली नाही. कमळाबाई सभेनंतरच्या पहिल्याच वर्गाला आपलं अर्धवट पोलकं घेऊन हजर होत्या, आणि कुणी त्यांना काही विचारलं नाही.

वर्षाच्या सर्वसाधारण सभेआधी गंगुबाईंनी सुचवलं की काढलेल्या माणसाला पुन्हा उभं राहता येऊ नये असा नियम करून टाकू. दमयंतीबाईंनी ते मोडून काढलं. सभासदांना हवा असेल तर तो माणूस परत येईल, त्यांचा हात आपण कशाला धरायचा, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा उभे राहिले नाहीत. पण सभेला आले, साध्या सभासदासारखे मागे चटईवर बसले. कौलं शाकारायचं काम कुणाला दिलं, कार्यकारिणीला विचारून दिलं का, दुसऱ्या कुणाकडे चौकशी केली का, असं एकामागून एक विचारत राहिले. प्रश्न बोचरे होते. दमयंतीबाईंनी एकेकाचं उत्तर दिलं, आणि एकाचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं तेव्हा तेही कबूल केलं.

‘मग पुढच्या सभेत सांगा,’ अण्णा म्हणाले.

‘सांगते,’ बाई म्हणाल्या आणि पुढच्या विषयाकडे वळल्या.