चार संत्री आणि मालोमे

मी एक जुना, ठिगळ लावलेला तंबू आहे आणि मित्रांनो, मी रागावलेलो आहे. तंबूने रागावू नये असे तुम्हाला वाटत असेल. आधी ऐका, मग बोला.

माझा जन्म माऊन गावातला. जाड हिरव्या कापडाचा, दुहेरी शिवणीचा. तिथून मी ख्वाई नदीकाठच्या सफारीच्या तळावर आलो. सहा वर्षे मी गारा सोसल्या, वावटळी सोसल्या, एकदा तर सिंहीण रात्रभर मला टेकून झोपली होती. आमचे वाटाडे रा मोदिसे नेहमी म्हणत, "हा तंबू आहे तोवर मला चिंता नाही." रा आणि म्मा ही आमच्याकडची मानाची हाक. ते ऐकून माझे दोर आपोआप ताठ होत.

रोज दुपारी तळाच्या मधून एक हत्ती नदीवर जाई. त्याला सगळे मालोमे म्हणत, म्हणजे मामा. तो आला की हातातले काम थांबवून सगळे जागच्या जागी उभे राहत. इतक्या वर्षांत त्याने एका दोरालाही सोंड लावली नव्हती.

तळाचा एकच कडक नियम होता. एके सकाळी नदीवर निघताना रा मोदिसेंनी लोखंडी पेटी उघडून विचारले, "फळं आहेत कुणाकडे? संत्रं, केळं, काहीही? आत्ताच टाका इथं. हत्तीला लांबूनही वास लागतो. मग माझ्या नावानं ओरडू नका."

माझ्यात उतरलेले पाहुणे होल्गर हसून म्हणाले, "छे हो, माझ्या पिशवीत नुसते मोजे आहेत."

"मग हत्तीच काय, तरससुद्धा यायचं नाही," रा मोदिसे म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन होडीकडे गेले.

खोटे! धादांत खोटे! पिशवीच्या तळाशी चार संत्री होती. रात्री अंथरुणात पडून खायला ठेवलेली. मला माहीत होते, पण मला तोंड कुठे आहे?

थोड्या वेळाने स्वयंपाकीण म्मा ओनालेन्ना झाडायला आत आली. तिने दोनदा नाकाने हुंगले. पिशवीजवळ वाकली आणि हात मागे घेतला.

"पाहुण्याच्या पिशवीत हात घालायचा? आई असती तर हातावर पळी मारली असती," ती पुटपुटली. माकडांनी आत शिरू नये म्हणून तिने माझे दार गच्च बांधले आणि भांडी घासायला गेली. तिचाही मला राग आला. आमच्याकडच्या लोकांचा हा भलेपणा कधीकधी नको तिथे आड येतो.

दुपारी मालोमे आला आणि माझ्यापाशी थांबला.

"मालोमे, जा बाबा नदीवर," म्मा ओनालेन्ना गाडीआडून काकुळतीने म्हणाली. "तिथं तुझं काही नाही."

होते ना! त्याने सोंड माझ्या भिंतीवरून फिरवली, दाराची गाठ चाचपली आणि मला वरपासून खालपर्यंत फाडले. चारही संत्री सालींसकट खाल्ली आणि शांतपणे निघून गेला.

पाहुणे परतले तेव्हा होल्गर ओरडले, "हा हत्ती पिसाळलाय! मी आत असतो तर?"

रा मोदिसेंनी मातीतून संत्र्यांची लाल जाळी उचलली. "तुमचे मोजे फारच रसाळ होते, रा."

"चार संत्र्यांवरनं एवढा गहजब?"

"ती तुम्हाला चारच. त्याला आता कळलं, तंबूत गोड असतं. हे त्याच्या डोक्यातनं मी कसं काढू?"

होल्गरनी फाटलेल्या माझ्यापुढे उभे राहून हसत फोटो काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते विमानाने घरी गेले.

मालोमे मात्र आता रोज तंबू हुंगत येऊ लागला. रा मोदिसेंनी पातेली बडवली, मिरचीचा धूर केला, हात जोडून विनवले. मालोमे मागे हटे आणि दुसऱ्या बाजूने येई. पाचव्या दिवशी तो पलीकडच्या तळावर गेला आणि एका तंबूत त्याने सोंड घातली. त्या तंबूत संत्री नव्हती, दोन मुले होती. मुलांना खरचटलेही नाही. पण तंबू फाडणारा हत्ती जिवंत ठेवत नाहीत. दुपारी वनखात्याची गाडी आली. नदीपलीकडून दोन आवाज ऐकू आले.

रा मोदिसेंनी टोपी काढली आणि ते खालीच बसले.

"मी पिशवी उघडायला हवी होती," म्मा ओनालेन्ना रडत म्हणाली.

"इथून पुढं उघड. पाहुणा फुगला तर फुगू दे. माझं नाव सांग."

आता ती प्रत्येकाची पिशवी त्याच्यासमोर उघडते. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे कुणी चिडून विचारले की ती "नाही" म्हणते आणि हात तळापर्यंत घालते. मित्रांनो, कधी आमच्याकडे आलात तर तुमचीही पिशवी उघडली जाईल. तेव्हा नाक मुरडू नका. मला दोन दिवसांत ठिगळ लागले. मालोमेला कुणी काय लावणार होते?