रक्ताचा सेल

"सोमवारपासून शाळेत सिकल सेल हाय, भाभी. खुशीले आणजा. जरासं रक्त घेतील, बस," गावची आशाताई मंजू दारातूनच एवढं सांगून पुढच्या घरी गेली आणि पुष्पलतानं आपल्या पोरीला, खुशीला, जवळ ओढलं.

सेल तिला चांगला ठाऊक होता. दिवाळीत गोंदियाच्या दुकानांवर लाल अक्षरांत लागतो तो. साड्यांचा लागतो, चपलांचा लागतो. पण पोरांच्या रक्ताचा? विचारायची सोय नव्हती. सासऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं तेव्हा तिनं 'काय झालंय' एवढंच विचारलं, तर 'तुला कळणार आहे का?' म्हणत कुणीतरी कागदावर सही घेतली. चौथ्या दिवशी सासरे चादरीत गुंडाळून घरी आले. काय झालं होतं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. ज्याला कुणी काही सांगत नाही, तो आपल्याच मनाला विचारतो. त्यात तिचा एकटीचा काय दोष?

सोमवारी तिनं शाळेच्या खिडकीतून डोकावलं. पेटीत बर्फ, त्यात रक्ताच्या इवल्या शिश्या आणि प्रत्येक शिशीवर पोराच्या नावाची चिठ्ठी, साडीवर किंमत चिकटवतात तशी. ती तशीच मागं फिरली. नळावर धाकटी जाऊ रचना भेटली, तिला तिनं सांगून टाकलं, "मच्छीवाल्याच्या पेटीवानी बर्फात ठेवते वो पोराइचं रक्त. नाव लिहू लिहू! सेल लावून राह्यले."

बुधवारी मोबाइलवर कुणीतरी पुढं पाठवलेला, रेकॉर्ड केलेला एक आवाज आला. अनोळखी माणूस, शुद्ध हिंदी, बोलणं दबकं. "बच्चों का खून बिक रहा है. हर शीशी पर नाम लिखा है. मछलीवाले की पेटी की तरह बर्फ में रखते हैं." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथं तर ब्रह्मराक्षस हिंदीत बोलत होता. पुष्पलतानं तो आवाज तीनदा ऐकला. शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसानंही तेच पाहिलं म्हणजे, अगदी मच्छीवाल्याच्या पेटीसकट! आता शंकेला जागा उरली नाही.

गुरुवारी तिसरीच्या वर्गाची पाळी होती, म्हणजे खुशीची. फटफटायच्या आधीच तिनं पोरीला उठवलं आणि वावरात धानाच्या पुंजण्याआड, रचून ठेवलेल्या पेंढ्यांच्या ढिगामागं, नेऊन बसवलं. थंडी मरणाची, तणस दवानं भिजलेलं. खुशीचे हातपाय तसेही अधूनमधून ठणकायचे. वारा लागला असेल म्हणून पुष्पलता तेल चोळायची.

"आई, पाय दुखते. पाणी दे ना."

"चूप बस वो बाई."

पाणी आणायचं ती घाईत विसरली होती आणि आता घरी जायची छाती होईना. दहाच्या सुमाराला बांधावरून हाक आली.

"भाभी! खुशी कोठी हाय?"

मंजूच ती. पुष्पलतानं पोरीच्या तोंडावर हात दाबला. हाताखाली पोर कण्हत होती आणि आई मंजूची पावलं ऐकत होती. आयुष्यात ती कधी इतकी भ्याली नव्हती.

पावलं लांब गेली. हात काढला तशी खुशी किंचाळली. तिला उभंही राहता येईना. ओठ सुकलेले, डोळे पिवळे. "माहे पाय कापून टाक ना, आई," ती म्हणाली. ते ऐकल्यावर दुसरी सगळी भीती मागं पडली. पुष्पलतानं पोरीला खांद्यावर टाकलं आणि मंजूला हाका मारत धावत सुटली.

बालाघाटच्या जिल्हा दवाखान्यात खुशीचं रक्त काढलं, शिशीवर नाव चिकटवलं. पुष्पलता नुसती बघत राहिली. दुपारनंतर सलाइन चालू असताना मंजू तिच्याजवळ येऊन बसली.

"डॉक्टर म्हणते, सिकल सेलच हाय. सिकल म्हणजे विळा, भाभी. सेल म्हणजे रक्तातले बारीक दाणे. हिचे दाणे विळ्यावानी वाकडे होतेत अन् नसेत अडकतेत. थंडी लागली, पाणी कमी पडलं, का दुखणं उठते." मग तिनं हळूच विचारलं, "सकाळी थंडीत होती काय पोरगी?"

विळा पुष्पलताच्या रोजच्या हातातला. तिला सगळं कळलं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"हे आधी काहून नाही सांगतलं मले?"

"साठ घरं फिराची होती, भाभी," मंजू खाली मान घालून म्हणाली. "चुकलं माह्यं."

पुष्पलतानं व्हरांड्यात येऊन रचनाला फोन लावला. रचनाच्या पोराचे, रजतचेही हातपाय असेच ठणकायचे.

"रचना, रजतले उद्या शाळेत ने. रक्त विकत नाही थे लोकं. बिमारी तपासतेत."

"तुमाले धमकावलं काय, दीदी?" रचना कुजबुजली. "नवीन आवाज आला हाय. ज्या बाईनं शिश्या पाह्यल्या, तिचं तोंड बंद करतील म्हणते."

"कोणती बाई?"

"हाय म्हणे आपल्याच राजेगावकडची. तिनंच थे मच्छीवाल्याची पेटी..."

"अवो, पेटीचं मीच बोलली होती. नळावर, तुलेच! तू कोणाले सांगतलं?"

"माह्या भावाले. त्यानं मोबाइलवर टाकलं."

"मंग थे बाई मीच हाय ना, रचना! मले समजलंच नव्हतं. मले कोणी धमकावलं नाही."

रचनाचा आवाज आला, भीतीनं पार बारीक झालेला.

"म्हणजे दीदी, तुमी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. अन् आता त्याइच्याच दवाखान्यातून बोलून राह्यल्या. समजली मी. तुमी फिकर नोका करू. उद्या फटफटायच्या आधी मी रजतले पुंजण्याआड नेते."

पुष्पलता ओरडत राहिली, पण फोन कधीच कटला होता.